कुमुदचे कपाळ आणि कुंतलेची पेटी

एका राज्यात राजाची कन्या होती, नाव कुमुद. गालावर खळी, हसणे खळखळते, आणि कपाळ चांगले रुंद. त्या कपाळाचीच हेमांगी राणीला काळजी. पोर पाळण्यात होती तेव्हापासून राणी तिचे केस तेल थापून पुढे ओढून बसवी. म्हणे, लोक नावे ठेवतील.

कुमुद मोठी झाली. प्रजेला मुखदर्शन देण्याचा दिवस ठरला. राणीची झोप उडाली. तिने दवंडी पिटवली, "माझ्या लेकीला शोभेल अशी केशरचना जी करील, तिने यावे."

आली ती कुंतला. वेशीवरच्या पहारेकऱ्यांनी तिला येताना पाहिलेच नव्हते. काखेत पेटी, पेटीत केसांत घालायचे दागिने, सोन्याची मूद, राखडी आणि केवडा.

"मोबदला काय घेशील?" राणीने विचारले.

"काही नको, राणीसाहेब. लेकरू सुंदर दिसले की मला पावले."

राणीच्या मनात पाल चुकचुकली. फुकट कोण कोणाचे केस विंचरते? पण कपाळाची काळजी त्याहून मोठी. तिने पाट मांडायला सांगितला.

पहिल्या दिवशी कुंतलेने खोपा घातला, वर मूद बसवली. दरबार वाहवा करू लागला. कुमुद हसली, तर आवाज निघाला नाही. तिचे हसू ऐकू आले ते कुंतलेच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी पाचपेडी वेणी घातली, राखडी खोवली. कुमुदची खळी बुजली आणि कुंतलेच्या गालावर पडली.

"महाराज, ही बाई बरी नव्हे," राणी म्हणाली.

"तुला सगळ्यांतच काळेबेरे दिसते. वेणी बघ, किती शोभते!"

"वेणी बघू की लेक बघू?"

राजाने वेणीच बघितली.

तिसरा दिवस मुखदर्शनाचा. कुंतलेने अंबाडा वळला, तिन्ही दागिने त्यात खोवले. बघता बघता कुमुदचे डोळे, नाक, ओठ विरले. मळलेल्या कणकेसारखा नुसता गोळा राहिला. दासी म्हणाल्या, "अगबाई, अंबाडा काय साजरा दिसतोय!" आणि कुमुदचे डोळे लावून कुंतला सिंहासनाकडे निघाली.

खिडकीत साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "राणी, रडायला वेळ नाही. चेहरा गेला की माणसाचे पाखरू होते. दुपार होण्याआधी हिला पंख फुटतील."

"तू कोण? तुझा यात काय लाभ?"

"संशय चांगला आहे, पण उशिरा आला. मीही एका राणीची लेक. माझी आई माझा खोपाच बघत बसली. आता तीन कामे कर. दागिने काढ. साध्या पाण्याने केस धू. मग हिला शोभेल ती रचना तूच बांध. चुकलीस तर लेक गेली."

राणीने मूद ओढली. ती विंचू होऊन डसली. राखडी ओढली, तिचा निखारा झाला. केवडा ओढला, तो नाग होऊन मनगटाला विळखा घालून बसला. राणीने एकही दागिना सोडला नाही. तिन्ही खिडकीबाहेर भिरकावले आणि घागरीमागून घागर लेकीच्या डोक्यावर ओतली.

जन्माचे तेल निघाले. केस उन्हात वाळले आणि भांग आपला आपण एका बाजूला पडला. पुढे कपाळाशी एक भोवरा होता. तो राणीने कधी पाहिलाच नव्हता.

सवयीने तिचा हात गेला. तिने केस ओढून कपाळावर बसवले. तोच कुमुदच्या खांद्यातून एक पीस बाहेर आले.

राणी चरकली. त्या बाईवर संशय घेतला, पाखरावर घेतला, नवऱ्याच्या नजरेवरही घेतला. आपल्या हातावर कधी घेतला नव्हता.

तिने हात मागे घेतला. "कुमुद, बाळा, तुला कसे हवे ग?"

कुमुदला बोलायला तोंड नव्हते. तिने चाचपडत आईची बोटे धरली, आपल्या कपाळावर नेली आणि केस मागे सारले.

राणीने पडला तसा भांग ठेवला. भोवरा वळला तिकडे बटा वळू दिल्या. मागे एकच सैल वेणी घातली. कपाळ सगळे उघडे पडले. खांद्याचे पीस गळाले. डोळे आले, नाक आले, शेवटी ओठ आले. ते पहिले हेच बोलले, "आई, आता तेल नको ग."

तिकडे सिंहासनावर कुंतलेचे हसू अर्ध्यात थांबले. चेहरा अंड्यासारखा गुळगुळीत झाला. लोक किंचाळले, राजा तलवार उपसून उठला, पण ती धूर होऊन झरोक्यातून गेली. मागे पेटी उरली. झाकण उघडले आणि आत कोंडलेले कित्येक लेकींचे चेहरे आपापल्या धन्यांकडे उडाले. साळुंकीचीही मुलगी झाली, केसांचे पार टोपले झालेली. ती म्हणाली, "कोणाकडे फणी आहे का?"

मग कुमुद सज्जात आली. प्रजेने जयजयकार केला. गर्दीत एक बाई शेजारणीला म्हणाली, "कपाळ केवढे ग पोरीचे!"

राणीने ते ऐकले. सवयीने तिचा हात उचलला गेला. तिने दुसऱ्या हाताने तो घट्ट धरून ठेवला.

कुमुद खळखळून हसली. राजाने या खेपेस लेकीकडे बघितले. त्या राज्यात पुन्हा सगळे जिथल्या तिथे झाले. राणीचा हात तेवढा अजून अधूनमधून उचलला जातो, आणि ती तो धरून ठेवते.