चाळीस हात हुकूम

दसरा उद्यावर आला आणि राजाचा हत्ती ढगोबा एका सकाळीत पाचव्यांदा न्हायला!

यात हत्तीचा काही दोष नव्हता. मिरवणुकीचा हुकूम होता राजाच्या आजोबांचा, चाळीस हात लांब, एकाच गुंडाळीवर. रीत अशी की चिटणीस गुंडोपंतांनी तो वाचायचा आणि माहुताने ऐकेल तसं करत जायचं. वाचताना ओळ चुकली, तर पुन्हा पहिल्यापासून! आणि सुरुवातीलाच स्नान. आज तालमीत पंतांची ओळ चार वेळा चुकली. ढगोबा शिंकायला लागला. हत्तीची शिंक ज्याने अंगावर घेतली आहे, त्याला जास्त सांगायला नको.

राजे भूपतराव भडकले. आजोबांवर भडकता येत नव्हतं, म्हणून माहुतावर भडकले.

"रायाजी! उद्या मिरवणूक वेळेवर निघाली नाही, तर हत्ती दुसऱ्याच्या ताब्यात!"

"महाराज, हुकूमच लांब आहे..."

"मग आखूड कर! एका दमात वाचून झाला पाहिजे. पण आजोबांचा एक शब्द जरी गाळलास, तर हत्ती गेलाच म्हणून समज!"

रायाजीला रडूच कोसळलं. ढगोबाला त्याने पिल्लू असल्यापासून हाताने भरवलं होतं. त्याची मुलगी भिवरा गवताचा भारा टाकून पुढे आली.

"आबा, रडताय काय? पंत, कात्री आणा!"

पंतांना घेरी यायचीच बाकी राहिली. "अगं, आजोबांचा हुकूम कापतेस?"

"गाळायचा नाही म्हणालेत. कापायचा नाही असं कोण म्हणालं? तुम्ही वाचा, आणि हे कशाबद्दल आहे ते एका शब्दात सांगत चला."

पंत वाचू लागले. "हे स्नान... आणि चारा."

"दोन कामं झाली! कापा!"

पंतांनी डोळे मिटून कापलं. तिन्हीसांजेपर्यंत नऊ चिठ्ठ्या झाल्या. प्रत्येकीच्या माथ्यावर भिवराने कामाचं नाव घालायला लावलं. स्नानाची चिठ्ठी तळ्यावर गेली, चाऱ्याची हत्तीखान्यात, झुलीची जामदारखान्यात.

सकाळी भिवराने राजांच्या हातात वीतभर कागद ठेवला. राजांनी एका दमात वाचला: "हत्ती जागवा. न्हाऊ घाला. चारा घाला. रंगवा. झूल घाला. अंबारी चढवा. राजांना बसवा. मिरवा." दम उरला. तो त्यांनी ओरडण्यात खर्च केला.

"बाकीचा हुकूम कुठंय?"

"जिथलं काम तिथं, महाराज. तुम्ही नुसतं 'ताट वाढा' म्हणता. चूल कशी पेटवायची ते मुदपाकखाना बघतो ना? तसं न्हाऊ कसं घालायचं ते तळ्यावर. चूक झाली, तर तेवढीच चिठ्ठी पुन्हा वाचायची."

"पंत, शब्द मोजा!"

"रात्रीच मोजले, महाराज. सगळे आहेत."

"एकच अडचण आहे," भिवरा म्हणाली. "स्नानाच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. अक्षर न् अक्षर सारख्या. दुसरी कुणीतरी मागाहून डिंकाने चिकटवलेली, 'राजांना बसवा'च्या खाली. ती कुठं लावू?"

राजे सावकाश खाली बसले.

"म्हणजे दर दसऱ्याला मी अंबारीत बसलो, की शंभर घागरी ओततात... तो कुळाचार नाही?"

"नाही, महाराज. डिंक आहे."

"बारा वर्षं मी तोंड मिटून भिजतोय!" राजे ओरडले. पंत छताकडे बघू लागले. "फेक! आधी ती चिठ्ठी फेक!"

"फेकू कशी? एक शब्द गाळला तर आबांचा हत्ती जाणार! आधी ढगोबा आबांकडेच राहील असं लिहून द्या, मग फेकते."

राजे मग असे हसले, की मंदिल डोळ्यांवर आला. त्यांनी तिथल्या तिथे एका ओळीत लिहून दिलं आणि हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराच्या हातात घातलं.

मिरवणूक वेळेवर निघाली. राजे कोरडे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना मात्र सारखं चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.