तिसरी पिन

"आता तरी माझं नाव लिहू का, मास्तर?"

याकोब मास्तरांनी वर पाहिलं नाही. मांडीवरच्या बेस गिटारची जाड तार ते फडक्याने पुसत होते.

तीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवून मास्तर आता नगरच्या आपल्या घरी, मागच्या खोलीत, गिटारी आणि त्यांचा आवाज वाढवणारे अॅम्प दुरुस्त करत. त्यांचा एक दंडक होता. अॅम्प ज्याने दुरुस्त केला, त्याने आतल्या फळीवर पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहायची.

हर्षल चार वर्षं त्यांच्या हाताखाली शिकत होता. डिप्लोमा पहिल्या वर्गात झालेला, हात चलाख, आणि ते त्याला पुरेपूर माहीत होतं. त्याचं नाव अजून एकाही फळीवर नव्हतं.

"आधी ऐकव," मास्तर म्हणाले.

आजचा अॅम्प चर्चचा होता. सुवार्ता नावाची शिक्षिका दर रविवारी त्यावर बेस वाजवायची आणि वाजवता वाजवता गायची. महिनाभर अॅम्प घूं घूं करत होता. माइक आणि मिक्सर जोडला की जास्तच. म्हणून तेही सामान सोबत आलं होतं.

हर्षलने सगळं जोडलं. बटण दाबलं.

घूं घूं अजिबात नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू आली.

"तासाभरात काढली घूं घूं," हर्षल म्हणाला.

"कुठून काढलीस?"

हर्षलने अॅम्पच्या वायरीचा प्लग दाखवला. तिसऱ्या, जाड पिनेची वायर कापून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. काम सुबक होतं.

"अर्थिंग सोडवलं. अॅम्प आणि मिक्सरची अर्थिंग एकमेकांत अडकली की घूं घूं येते. सगळे हेच करतात, मास्तर."

...

हर्षलला ठाऊक नव्हतं असं नाही. अॅम्पच्या आत कधी करंट पत्र्याला लागला, तर तो त्या तिसऱ्या वायरीने जमिनीत जातो. ती वाट तोडली, तर तो तारांत येतो, आणि तारांतून वाजवणाऱ्याच्या अंगात, तिथून ओल्या फरशीत किंवा ओठांपुढच्या माइकात. परीक्षेत त्याने हे आकृतीसकट लिहिलं होतं.

"उद्या सुवार्ता कुठे उभी राहील?"

"वेदीपुढे."

"पायात?"

"...चपला बाहेरच काढतात ना."

"फरशी?"

"सकाळी पुसलेली असते." हर्षलचा आवाज जरा चढला. "काही होत नाही, मास्तर. वर्षानुवर्षं लोक असेच वाजवतायत."

मास्तर उठले. अॅम्पचा प्लग परत बोर्डात खोचला. चपला काढल्या. कोपऱ्यातल्या तांब्यातलं पाणी शहाबादी फरशीवर ओतलं आणि त्यात उभे राहिले.

मग बेस गळ्यात अडकवली. तिची वायर अॅम्पला जोडली. तारांवर हात ठेवला.

माइक समोर ओढला आणि गाणाऱ्यासारखे ओठ त्याच्याजवळ नेले. अगदी सावकाश.

हर्षलने झेप घेऊन प्लग उपटला.

...

पाणी फरशीच्या सांध्यातून दाराकडे निघालं होतं.

"काही होत नाही म्हणालास ना?"

हर्षलने हातातल्या प्लगकडे पाहिलं.

"मग उपटलास का?"

...

"माझ्यासाठी धावलास. उद्या तिच्यासाठी कोण धावेल?"

हर्षलने मान खाली घातली. प्लग अजून त्याच्या मुठीत होता.

मास्तरांनी बेस गळ्यातून काढून भिंतीला टेकवली.

"पस्तीस वर्षांपूर्वी मी एक अॅम्प उघडला होता," ते म्हणाले. "आमच्या गिटारवाल्याला मूठमाती देऊन आलो, आणि तसाच उघडायला बसलो. तिसरी वायर तोडलेली होती. चिकटपट्टी अशीच. सुबक."

"कोणी तोडली होती?"

"आत नाव नव्हतं."

...

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली.

"घे. लिही तुझं नाव."

हर्षलने पेन्सिल घेतली. चार वर्षं तो ज्याची वाट पाहत होता, ते हेच होतं. पेन्सिलीचं टोक फळीला टेकलं. तिथेच थांबलं. स्वतःची एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. चिकटपट्टी सोडवली. वायर सोलून तिसऱ्या पिनेत घातली आणि स्क्रू पिळला. मग वायर ओढून पाहिली. पुन्हा पाहिली.

फरशी कोरडी केली. बटण दाबलं.

घूं घूं परत आली.

दुपारभर दोघं त्या आवाजाच्या मागे होते. एक फुगलेला कपॅसिटर बदलला. अॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घेतले. आवाज कमी झाला. आणखी कमी झाला. पण बारीकसा उरलाच, बंद खिडकीपलीकडे माशी असावी तेवढा. उन्हं कलली, आणि चर्चची माणसं अॅम्प न्यायला येण्याची वेळ झाली.

"पूर्ण गेली नाही, मास्तर."

"नाही गेली."

"सुवार्ताताई नाराज होतील."

"होतील."

"लोक म्हणतील, याला दुरुस्तीच येत नाही."

"म्हणतील."

हर्षलने अॅम्पचं झाकण उचललं, बंद करायला.

मास्तरांनी त्याचा हात धरला, आणि पेन्सिल बोटाने त्याच्याकडे सरकवली.

"आता लिही."