मागच्या बाजूचा लाल खटका

कोल्हापुरात एकदा एका वृद्ध मिस्त्रींकडे एक शिष्या काम शिकत होती. मिस्त्रींना सगळे दौलतआबा म्हणत. तरुणपणी त्यांनी शर्यतीत पुष्कळ मोटारी पळवल्या होत्या. आता ते इतरांच्या मोटारी पळण्याजोग्या करून देत. शिष्येचं नाव शिवलीला. तिने एक जुनी मोटार स्वतःच्या हातांनी सिद्ध केली होती आणि येत्या रविवारी ती घेऊन सरळ धावपट्टीवरच्या शर्यतीत प्रथमच उतरणार होती.

अशा शर्यतीत गाडी सुटते त्या क्षणी मागच्या चाकांना रस्ता घट्ट धरावा लागतो. त्यांच्यावर भार वाढावा म्हणून शिवलीलाने बॅटरी बॉनेटखालून काढून मागे डिकीत नेली. काम अगदी निगुतीचं होतं. बॅटरी लोखंडी पेटीत बसवून पेटी बोल्टांनी आवळलेली, केबल पत्र्यातून जाते तिथे रबर, बॅटरीलगतच फ्यूज. वीज तोडणारा खटका मात्र तिने चालकाच्या सीटखाली दडवला होता. कुणी उगाच हात लावू नये, आणि नव्या रंगाला भोकही पडू नये.

आबांनी सगळं निरखून पाहिलं. "झकास झालंय," ते म्हणाले. "आता आत बस, पट्टा आवळ आन् इंजिन सुरू कर. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. डोळे मिट. मी सांगेपर्यंत शब्द बोलायचा न्हाई."

शिवलीला चक्रावली, पण बसली. आबा रस्त्यावर गेले. लग्न उरकून परतणारा एक बँडवाला सोनेरी झुपक्यांच्या पोशाखात, क्लॅरिनेट काखेत मारून चालला होता.

"ओ पाव्हणं, जरा या की! ह्या गाडीला अपघात झालाय असं समजा. दारं चेपल्यात, उघडत न्हाईत. आतली पोर बेशुद्ध हाय. इंजिन बंद करा."

बँडवाला उत्साहाने पुढे झाला. "त्यात काय, बॅटरीची वायर उपटतो!" बॉनेट अडकवणाऱ्या बाहेरच्या पिना काढून त्याने ते उचललं, आत वाकला, आणि ओरडला, "अहो, हिच्यात बॅटरीच न्हाई! मग ही चालतीया कशावर?"

आबा पोट धरून हसले. डोळे मिटलेली शिवलीलाही हसली. पण इंजिन घुरघुरतच होतं आणि बँडवाला गाडीभोवती फिरतच होता. हळूहळू तिचं हसू विरलं. तिने डोळे उघडले आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

बँडवाल्याला चहा पाजून वाटेला लावल्यावर आबा तिच्याजवळ बसले.

"पोरी, बॅटरी कुठं असती हे साऱ्या जगाला ठावं असतंय. तू तिची जागा बदललीस. तो तुझा हक्क. पण मग नवी जागा जगाला सांगायचं कामही तुझंच. तू सगळी काळजी घेतलीस ती तू शुद्धीवर असशील असं धरून. खटका अनोळखी माणसासाठी असतोय गं, तू हाक मारू शकत न्हाईस तवा धावून येणाऱ्यासाठी."

शिवलीलाने त्याच संध्याकाळी नव्या रंगाला भोक पाडलं. खटका गाडीच्या पाठीमागे, बाहेरून हाती लागेल असा बसवला आणि नुसती बॅटरी तुटून इंजिन अल्टरनेटरच्या, म्हणजे चालत्या इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राच्या, विजेवर चालत राहू नये, अशी जोडणी केली. शेजारी लाल बाण काढून ठळक अक्षरांत लिहिलं: 'बंद'.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी भाजी घेऊन चाललेल्या एका आजींना थांबवून चालू गाडी बंद करायला सांगितलं. आजींनी पिशवी खाली ठेवली, बाण पाहिला, खटका फिरवला. इंजिन गप्प!

"अगं बया! मी मोटार थांबवली?" आजींना इतका हर्ष झाला की त्यांनी गाडी पुन्हा सुरू करायला लावली आणि पुन्हा बंद केली.

रविवारी शिवलीलाची गाडी अशी सुटली की मागची चाकं रस्ता सोडायलाच तयार नव्हती. तिचा दुसरा क्रमांक आला. लोकांनी तिला खांद्यांवर घेतलं, आबांच्या टोपीत गुलाल भरला. गर्दीतल्या एका तरुण स्पर्धकाने विचारलं, "ताई, गाडीबाहेर खटका? कुणीही तुम्हाला थांबवू शकेल. भीती नाही वाटत?"

शिवलीला म्हणाली, "थांबवू शकतं कुणीतरी, म्हणून तर आज पाय पुरता दाबता आला."

 आबांनी मान डोलावली.

आपल्यालाही हे पडताळून पाहता येईल: आपण भरधाव असताना आपल्याला थांबवण्याची सोय कुणाच्या हाती ठेवली आहे?