कमळाच्या ठशाची नाणी

पूर्वी तगर नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नाणेपारख्याच्या घरी जन्मला. त्या नगरात रीत अशी होती, की पारख्याने तपासलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यावर आपला बारीक ठसा मारायचा. पुढे नाणे खोटे निघाले, तर ठसेवाल्याच्या घराने ते भरून द्यायचे. बोधिसत्त्वाच्या पित्याचा ठसा कमळाचा होता. कमळ दिसले की बाजारात नाणे कोणी वाजवूनसुद्धा पाहत नसे. पिता वारला तेव्हा अर्धे नगर रडले, आणि त्याचे दुकान बोधिसत्त्व चालवू लागला.

एके दिवशी रेवती नावाची स्त्री वडिलांमागे मिळालेली नाणी घेऊन आली. तिचा नवरा एका व्यापाऱ्याच्या तांड्यावर राखणदार होता. नदी उतरताना त्याच्या हातून बैल बुडाले, म्हणून बैलांची किंमत फेडेपर्यंत व्यापाऱ्याने त्याला दास करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी तांडा परदेशी निघणार होता.

"दादा, एवढ्या पैशांत माझा माणूस सुटेल ना?" तिने विचारले.

प्रत्येक नाण्यावर कमळ होते. बोधिसत्त्वाने एक दगडावर टाकले. आवाज बद्द आला. त्याने छिनी लावली. आत तांबे होते. दुसऱ्यातही तेच. पित्याची नजर फसली होती की नियत, हे त्याला पुढेही कधी कळले नाही.

"कशाला कापलीत हो?" रेवती रडू लागली. "कमळ पाहून व्यापाऱ्यानं ती डोळे मिटून घेतली असती!"

"खरं आहे, ताई. मग पुढं कधीतरी दुसरी कोणी इथं येऊन रडली असती."

बोधिसत्त्वाची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बाळा, घरातलं सोनं हिला दे. सगळं दे. पण ही नाणी भट्टीत टाक, गावात बोलू नकोस."

"आई, अशी नाणी आणखी किती घरांत असतील?"

"गेलेल्या माणसाला पुन्हा मारणार आहेस का तू?"

रेवतीला त्याने खरी नाणी मोजून दिली, आणि तिचा नवरा त्याच संध्याकाळी घरी आला. मग बोधिसत्त्वाने नगरात दवंडी पिटवली, की कमळाची खोटी नाणी आणून द्या, बदल्यात खरी घेऊन जा. लोक आले. दुकान गेले, शेत गेले, शेवटी घर गेले. पित्यासाठी जे रडले होते तेच आता 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणून हसू लागले. लोकांना कशाचेही हसू येते.

आई भावाकडे राहायला गेली. बोधिसत्त्व भेटायला गेला की ती भिंतीकडे तोंड फिरवी. तशीच ती एक दिवस गेली. केलेल्या गोष्टीचा त्याला पश्चात्ताप नव्हता, पण आईसाठी तो जन्मभर रडला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची रेवती आणि तिचा नवरा म्हणजे आज आपल्याला हा विहार देणारे दांपत्य. पिता तुमच्यातच बसला आहे. त्याचे नाव मी घेणार नाही. पारखी मीच होतो. आणि वेशीजवळच्या घरातली ती म्हातारी, जी मी भिक्षेला उभा राहिलो की तोंड फिरवते आणि तुम्हाला राग येतो, ती तेव्हाची माझी आई. तिच्यावर रागावू नका. ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे पूर्ण पालन. सत्य मी बोललो, पण त्याची किंमत तिनेही मोजली."