हसाजीने शोधलेल्या चार नद्या

करकर, करकर. घाण्याचा तो आवाज हसाजीच्या कानात लहानपणीच बसला. आई म्हणायची, "घाणा करकरला की ऊठ." शनिवारी शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, घाणा बंद. हसाजी रविवारपर्यंत झोपून राहायचा.

असा हा भोळा तेली अष्टागरातल्या एका बेने-इस्राएली वस्तीत राहत होता. त्याला सामाजीमामांची लेया हवी होती. सामाजीमामांना हा जावई नको होता, पण तोंडावर नाही कसं म्हणायचं? ते म्हणाले, "शास्त्रातल्या एदेन बागेच्या चार नद्या ओळखून दाखव. मग लेया तुझी."

हसाजी प्रार्थना चालवणाऱ्या एलोजी हज्जानांकडे गेला.

"काका, पीशोन नदी कशी ओळखायची?"

"जिथे सोनं, तिथे पीशोन."

दुसऱ्याच दिवशी धुणं धुताना एका बाईची नथ ओढ्यात पडली. ती रडायला लागली, हसाजी नाचायला लागला. नथ शोधायला कुणाला पाण्यात उतरू देईना. "सोनं काढलंत तर पीशोन राहील कुठली?"

हज्जानांनी कपाळाला हात लावला. "वेड्या, नदी कशाला वेढा घालते ते बघ. गीहोन कूश देशाला वेढते."

घरी बैल घाण्याभोवती फिरत होता. हसाजीने त्याला सोडून दिलं. "गीहोनला कुणी जुंपतं का, आई?"

"अरे, एक खूण जुळून भागत नाही!" हसाजी पुन्हा दारात आलेला बघून हज्जान ओरडले. "बाग हवी. बागेत एक नदी, पुढे तिचे चार फाटे. सगळ्या खुणा जुळल्या पाहिजेत. सगळ्या!"

खाली मान घालून हसाजी परत निघाला. वाटेत करकर ऐकू आली. तो थबकला. सामाजीमामांच्या वाडीत रहाट चालू होता. विहिरीतून एक पाट निघाला होता आणि पुढे त्याचे चार झाले होते. झाडं होती, फळं होती. गवतातून एक धामणसुद्धा सळसळत गेली.

एकच खूण जुळत नव्हती. एदेनमधला आदाम उघडा होता.

हसाजीने थोडा विचार केला. मग धोतर सोडलं.

सामाजीमामा येऊन बघतात तर केळीच्या पानाआड हसाजी उभा.

"मामा, चारही सापडल्या! पण तुम्ही आधी सदरा काढा, नाहीतर खूण बिघडेल."

रहाटामागून लेया खुदकन हसली.

"मग लग्न कधी, मामा?"

सामाजीमामांनी खांद्यावरचा पंचा त्याच्या अंगावर टाकला आणि "आधी धोतर नेस!" म्हणत घराकडे चालू लागले.