खापरपणजोबांच्या आधीचं खापर

“या टेकाडावर जो मागाहून आला, त्यानं चालू लागायचं! उद्याच्या उद्या!”

राजे मानाजीरावांनी हुकूम सोडला आणि भोईवाड्यात एकच कल्लोळ उडाला. टेकाडाच्या माथ्यावर राजवाडा, पायथ्याशी नदी आणि मधल्या उतारावर मासे धरून पोट भरणाऱ्या भोयांची घरं. एवढी नांदती घरं उठवायची कशासाठी? तर राजेसाहेबांच्या मोरांना बागडायला जागा अपुरी पडत होती!

हुकमाला आधार द्यायला राजपुराणिक दामोदरशास्त्री होतेच. महाराजांना जे हवं, तेच नेमकं त्यांना पुराणात सापडायचं. डोळे मिटून त्यांनी सांगितलं, “इथे पूर्वी घोर अरण्य होतं. वाघांखेरीज कोणी नव्हतं. महाराजांचे खापरपणजोबा धवळोजीराव आले आणि त्यांनी इथली पहिली चूल पेटवली. बाकी सगळे मागाहून आले!”

भोईवाड्यात फुटाणे भाजून विकणारी एक बाई होती. नाव ठकूबाई, पण तिला ठकवणारा अजून जन्मायचा होता. दवंडी कानावर आली तेव्हा ती भट्टीसाठी वाळू आणायला टेकाडाच्या मागच्या अंगाला, थेट राजवाड्याखालच्या काठावर गेली होती. यंदाच्या पुरानं काठ पार माथ्यापर्यंत उभा कापला होता. त्या कापलेल्या मातीत तिला राखेचा एक काळा पट्टा दिसला. पट्ट्यात खापरांचे तुकडे अडकलेले. आणि तो पट्टा सरळ राजवाड्याच्या पायाखाली शिरत होता! ठकूबाईनं वाळूची टोपली तिथेच टाकली, पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

“महाराज, धवळोजीरावांच्या आधीपासून इथे चुली पेटत होत्या.”

दरबार फिदीफिदी हसला. महाराजांनी नाक मुरडलं.

“आता फुटाणेवाली आम्हाला आमच्या घराण्याचा इतिहास सांगणार! ठीक आहे. धवळोजीरावांच्या आधीचा साक्षीदार उभा कर. आत्ता, इथे, या दरबारात! नाही जमलं, तर पहिलं घर तुझं पाडू.”

त्या घरात ठकूबाईची चार पोरं लहानाची मोठी झाली होती. पण तिनं मान काही खाली घातली नाही.

“साक्षीदार दरबारातच आहे, सरकार. महाराज त्याच्यावर बसलेत!”

“काय बरळतेस?”

“हे सिंहासन इथे कोणी मांडलं?”

“खुद्द धवळोजीरावांनी! त्याखालचा दगड तेव्हापासून तसूभरही हललेला नाही.”

“मधल्या काळात कोणी उचकटून खाली काही पुरलं असेल?”

“कोणाची छाती आहे!”

“मग त्या दगडाखाली जे निघेल, ते धवळोजीरावांच्या आधीचंच. नाही का?”

महाराज पेचात सापडले. सगळ्या दरबारासमोर दिलेला शब्द आता गिळणार कसा? ते तणतणत उठले. “खणा! निघून निघून काय निघणार? वाघाची हाडं!”

बेलदारांनी सिंहासन बाजूला केलं, दगड उचलला. खाली पांढरी माती, मग राख, आणि राखेत मातीची अख्खी चूल! शेजारी तांबडी खापरं, माशांचे काटे आणि जाळ्याला बांधायची भोकाची मातीची वजनं. तशीच वजनं आजही भोईवाड्यात दारोदार टांगलेली होती.

दामोदरशास्त्र्यांना घाम फुटला. “हे... हे त्या वाघांच्या वेळचंच असणार.”

“असेल की!” ठकूबाई म्हणाली. “जाळं टाकायचं, मासे धरायचे, चुलीवर कालवण करायचं आणि मग जंगलात जाऊन डरकाळी फोडायची. फार गुणी वाघ हो, शास्त्रीबुवा!”

आता दरबार शास्त्र्यांना हसला. महाराज मात्र खड्ड्याच्या काठावर लाल होऊन उभे होते. हार मानतील तर ते मानाजीराव कसले! “आणखी खणा!” ते गरजले.

हातभर खाली नुसत्या मातीचा थर लागला. त्याच्याखाली आणखी एक चूल निघाली. पण तिथली खापरं निराळी होती, काळी, वर नक्षी काढलेली. जाळ्याचं वजन एकही नव्हतं. महाराजांनी टाळीच वाजवली.

“सापडलीस! ही खापरं तुमची नव्हेत. तुमच्याही आधी इथे दुसरंच कोणी नांदत होतं. म्हणजे तुम्ही भोईही मागाहूनच आलेले! हुकूम म्हणजे हुकूम. निघा!”

ठकूबाईनं खड्ड्यात वाकून एकदा तळापासून वरपर्यंत नीट पाहिलं. मग ती हात जोडून म्हणाली,

“हुकूम शिरसावंद्य, महाराज! मागाहून आला तो निघाला पाहिजे. पण जो सगळ्यात मागाहून आला, त्यानं आधी निघावं, हे बरं. तेवढं सांगा, या खड्ड्यात सगळ्यात वरचा थर कोणाचा?”

महाराजांनी खाली पाहिलं. सगळ्यात वर होती ती धवळोजीरावांच्या दगडाची खाच! त्यांच्या मिशा थरथरल्या, गाल फुगले आणि पोट धरून ते असे हसले, की त्यांना टेकायला कोणाला तरी हात द्यावा लागला.

“फुटाणेवाले, तू तर आमचंच बोचकं बांधायला निघालीस!”

हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. भोईवाड्याची जागा भोयांच्या नावे कायमची लागली. महाराजांनी सोन्याच्या पाटल्या मागवल्या आणि स्वतः ठकूबाईपुढे धरल्या.

ठकूबाईनं त्या आधी दाताखाली चावून पाहिल्या, मगच हातात घातल्या.