धाकू शिपाई आणि शेवंताबाईची होडी

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव धाकू. अंगानं रेड्यासारखा दणकट, मनानं वासरासारखा. सांगितलं तेवढंच करायचा, पण तेवढं मात्र करायचाच.

आधी त्या जागेवर त्याचा थोरला भाऊ रामजी होता. रामजी तापानं गेला. सरकारनं ती नोकरी धाकूला दिली. भावाचा खाकी कोट अंगात चढवून धाकू निघाला तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, साहेब सांगतील तसंच करा हो. आपलं डोकं चालवू नका."

"नाही चालवत," धाकू म्हणाला. हा शब्द त्यानं शेवटपर्यंत पाळला.

कचेरी होती विमा देखरेखीची. विमा कंपन्या लोकांना वचन देतात. ते वचन त्या पाळतात की नाही, हे ही सरकारी कचेरी बघायची. विमा विकणाऱ्याकडे परवाना आहे का, हेही बघायची. कंपनीनं विमा उतरवलेल्या दर दहा होड्यांमागे एक नवी होडी तयार ठेवली आहे का, तेही मोजायची. कारण त्या गावातला विमा साधा होता. होडी बुडाली तर होडी.

शेवंताबाईची होडी वादळात बुडाली होती. त्याच होडीतून ती माणसं पलीकडे सोडायची, आणि त्यावर तिच्या घरची चूल पेटायची. ओहोटी लागल्यावर गावानं ती होडी ओढून वाळूवर आणली. बुडाला टोपलीएवढं भोक. शेवंताबाई कंपनीत गेली. कंपनीचे मालक बापूशेठ म्हणाले, "बुडाली कुठं? ती तर वाळूवर उभी आहे. मी येताना बघितली."

म्हणून शेवंताबाई रोज येऊन कचेरीच्या पायरीवर बसायची. महिनाभरात होडी मिळाली नाही, तर खाडीवर होडी चालवायचा मक्ता दुसऱ्याला जाणार होता.

कचेरीच्या साठम साहेबांनी धाकूला बोलावलं. "हिला विमा कोणी विकला? नाना एजंटनं. जा, त्याचा परवाना बघ. परवाना नसेल तर त्याच्या दुकानाला सील ठोक."

"हो साहेब."

नाना आठवड्याच्या बाजारात पिंपळाखाली बसला होता.

"परवाना?"

"घरी राहिला रे धाकू."

"मग दुकान दाखवा. सील ठोकायचंय."

नाना हसला. "दुकान कसलं? आमचं दुकान म्हणजे हे तोंड!"

धाकूनं लाख वितळवली, जरा निववली आणि दुकान बंद केलं. वर सरकारी शिक्का मारला. नानाच्या मिशा त्या दिवशी गेल्या त्या गेल्याच. नाना रागानं बहिणीच्या गावाला निघून गेला. होडीला काही झालं तर नवी मिळेल, असं शेवंताबाईला त्यानंच सांगितलं होतं. तो एकच साक्षीदार होता.

साठम साहेबांनी कपाळ बडवलं. "अरे, ही काय रीत झाली? कोणावरही कारवाई करायची तर आधी पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तोवर बोट लावायचं नाही!"

"हो साहेब. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढची वेळ दुसऱ्याच दिवशी आली. दप्तराच्या खोलीत एक शेळी शिरली आणि शेवंताबाईची फाईल खाऊ लागली. शेवंताबाई पायरीवरून ओरडली, "अरे धाकू, हाकल तिला! माझा विम्याचा कागद आहे त्यात!"

"थांब मावशी. रीत असते."

धाकूनं बसून नोटीस लिहिली. 'आपण सरकारी दप्तर खात आहात. तरी पंधरा दिवसांत खुलासा करावा.' ती शेळीपुढे धरली.

साहेब आले तेव्हा फाईलची नुसती दोरी उरली होती.

"नोटीस दिली साहेब," धाकू म्हणाला.

"मग? स्वीकारली तिनं?"

"लगेच. खाल्ली."

"आणि खुलासा?"

"दिला. लेंड्या टाकल्या. आवक रजिस्टरात चढवल्यात. एकूण एकवीस."

साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, "रामजी असता तर हे झालं नसतं."

"हो साहेब," धाकू म्हणाला. "असता तर फार बरं झालं असतं."

साहेबांचा आवाज जरा उतरला. "हे बघ बाबा. दप्तराच्या खोलीत कोणी खाताना दिसलं, की नोटीस नाही, काही नाही. कान धरून बाहेर काढायचं. कळलं?"

"कळलं."

आता साक्षीदार गेला होता, कागदही गेला होता. साहेबांनी थेट राजधानीला लिहिलं, की मोठ्या आयुक्तांनी स्वतः येऊन निवाडा करावा. आयुक्त आले. पहाटे निघालेले, भुकेजलेले. बाहेर गर्दी होती म्हणून ते दप्तराच्या खोलीत शिरले आणि डबा उघडून थालीपीठ खायला बसले.

धाकूनं दारातून बघितलं. कोणीतरी खात होतं.

सगळ्या गावानं पाहिलं, की राजधानीचे आयुक्त तोंडात घास घेऊन, एका बाजूला कललेले, धाकूच्या मागोमाग पायऱ्या उतरत आहेत. शेवंताबाईनं पदरानं तोंड झाकलं. "संपलं," ती म्हणाली. "आता कुठली होडी नि कुठलं काय."

साठम साहेबांनी आयुक्तांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मग धाकूला कोपऱ्यात घेतलं. हात जोडले. "धाकू, माझं शेवटचं ऐक. मोठी माणसं आली की त्यांना फक्त 'हो' म्हणायचं. आणि ती म्हणतील ते तिथल्या तिथं करायचं. डोकं चालवायचं नाही!"

"ते मी कधीच चालवत नाही साहेब."

आयुक्त भला माणूस. लाल झालेला कान चोळत ते म्हणाले, "कागद नाही, साक्षीदार नाही. निदान होडी तरी आहे ना? चला, होडीच बघू."

सगळे खाडीवर गेले. भरती होती. होडी काठालाच होती, भोकात कोणीतरी गोणपाट कोंबलेलं. बापूशेठ आले. अंगात रेशमी सदरा, डोक्यावर जरीची टोपी, मागे छत्री धरणारा गडी.

"आयुक्तसाहेब, आमच्या करारात लिहिलंय, होडी बुडाली तर होडी देऊ. ही बघा. बुडालीय का? उभी आहे!"

"अहो शेठ, आम्ही ओढून काढली ती," शेवंताबाई म्हणाली. "हिच्यात आता बेडूकसुद्धा बसायचा नाही."

"काही झालेलं नाही हिला! बाई, तुला फुकटची नवी हवी. अशी होडी शंभर वर्षं चालेल. अरे, मी स्वतः हिच्यात बसून आत्ता पलीकडे जाईन!"

"हो शेठ," धाकू म्हणाला.

त्यानं शेठना उचललं. शेठनी घाबरून गड्याची छत्री पकडली, तर छत्रीसकट होडीत ठेवलं. आणि होडी ढकलली.

"अरे! अरे, काय करतोस?"

"पलीकडे नेतो शेठ."

धाकू छातीएवढ्या पाण्यात जाईपर्यंत ढकलत राहिला. गोणपाट सुटलं. आधी शेठचे जोडे भिजले, मग धोतर, मग सदरा. छत्री तेवढी कोरडी होती.

आयुक्त काठावरून ओरडले, "बापूशेठ! होडी बुडतेय का?"

"बुडतेय! बुडाली! देवा रे!"

"नक्की बुडाली? परत वाळूवर आणली तर शब्द फिरवाल!"

"बुडाली, साफ बुडाली! नवी देतो! शेडात चार तयार आहेत, आज देतो! पण मला काढा!"

"लिहून घ्या," आयुक्त म्हणाले. साठम साहेबांनी तिथंच मांडीवर वही ठेवून लिहिलं. शेवंताबाई वाळूत मटकन बसली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

इकडे धाकूनं शेठना काखेत धरून वर उचललं होतं. काठावर सगळं गाव पोट धरून हसत होतं. शेठना ते दिसलं. अंगाची लाही लाही झाली. एवढा मोठा माणूस, आणि एका शिपायाच्या काखेत!

"सोड मला!" शेठ गरजले. "सोड म्हणतो ना, गाढवा!"

"हो शेठ," धाकू म्हणाला, आणि त्यानं सोडलं.

धाकूच्या छातीएवढं पाणी म्हणजे शेठच्या डोक्यावर वीतभर. आधी जरीची टोपी वर आली. मग बुडबुडे आले. मग शेठ आले, दोन्ही हातांनी धाकूचा खाकी कोट धरून. आणि त्या गावात बापूशेठच्या तोंडून शिपायासाठी पहिल्यांदाच मानाचे शब्द निघाले:

"अहो धाकूराव, धरा हो!"